आधी भरा, मग बुजवा

नोव्हेंबर २०२५ मध्ये नाशिकच्या तपोवनातल्या झाडांवरून वाद पेटला. २०२७ च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायचे, त्यासाठी सुमारे अठराशे झाडे तोडायची किंवा हलवायची, असा महापालिकेचा प्रस्ताव होता. नागरिक रस्त्यावर आले, अभिनेते सयाजी शिंदे आले, प्रकरण हरित न्यायाधिकरणात आणि उच्च न्यायालयात गेले. सरकारकडून उत्तर आले ते गुणाकाराचे. एका झाडामागे दहा लावू, पंधरा हजार झाडे लावू, असे जाहीर झाले आणि आंध्रातल्या राजमुंद्रीहून वाढलेली झाडे ट्रकमधून येऊ लागली. त्यानंतरची बरीच चर्चा आकड्यांभोवतीच फिरली. कोणाचा आकडा खरा, किती झाडे जुनी, किती नवी जगतील, हेच प्रश्न पुन्हापुन्हा विचारले गेले. जागा मोडायची आणि संख्या भरून द्यायची, हा व्यवहार मुळात योग्य आहे का, यावर मात्र कमी बोलले गेले.

हीच सवय किनाऱ्यावर जास्त महागात पडते. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार खारफुटी तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी दिली. डिसेंबर २०२५ मध्ये वर्सोवा ते भाईंदर सागरी रस्त्यासाठी ४५,६७५ खारफुटींच्या बाबतीत पुन्हा परवानगी मिळाली. दोन्ही वेळा भरपाईची अट होती आणि दोन्ही वेळा ती रोपांच्या पटीत सांगितली गेली. सागरी रस्त्याच्या प्रकरणात तर वनजमिनीपोटीचे पर्यायी वनीकरण चंद्रपूर जिल्ह्यात व्हायचे आहे. नुकसान भाईंदरच्या खाडीचे, भरपाई चंद्रपूरच्या माळावर, आणि मध्ये अख्खा महाराष्ट्र.

खाडीकाठच्या ज्या जमिनीला कोकणात खाजण म्हणतात, ती केवळ झाडांची जागा नसते. भरतीला बुडणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी ही खाऱ्या चिखलाची जमीन. तिच्यात तिवर, कांदळ, चिप्पी ही खारफुटी असते. जरा उंचावर, जिथे फक्त मोठ्या उधाणाचे पाणी पोचते, तिथे मोरस आणि धापा यांसारख्या मांसल पानांच्या बुटक्या वनस्पती पसरतात. आणि बरीचशी जागा नुसत्या उघड्या चिखलाची असते. त्या चिखलात किडे, शंख आणि खेकडे राहतात. रोहित म्हणजे फ्लेमिंगो आणि उत्तरेकडून येणारे लहानमोठे पाणपक्षी तिथे चरतात, माशांची पिले भरतीबरोबर आत येऊन वाढतात. उधाणाचा जोर तिथे मोडतो, शहराच्या सांडपाण्यातला काही गाळ तिथे बसतो. अशा उघड्या चिखलावर तिवराची रोपे ओळीने लावली, तर कागदावर झाडे वाढतात आणि पक्ष्यांची चरण्याची जागा जाते. म्हणजे मोजमापच चुकीचे असेल तर भरपाईसुद्धा नुकसान करते.

समुद्रापासून दूर, घाटाच्या वर राहणाऱ्या नाशिककराने या चिखलाची चिंता का करावी? कारण त्या चिखलाचा एक धागा आपल्या जिल्ह्यात आहे. त्र्यंबकच्या डोंगरात गोदावरी उगम पावते आणि पूर्वेला जाते; त्याच परिसरात वैतरणा उगम पावते आणि पश्चिमेला उतरून पालघर जिल्ह्यात अरबी समुद्राला मिळते. वैतरणेच्या खाडीतल्या खाजणात जो गाळ बसतो, त्यातला काही आपल्या डोंगरउतारांचा आहे. शिवाय डहाणू तालुक्यात ७६,२०० कोटी रुपयांचे वाढवण बंदर उभे राहत आहे आणि त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचा आहे. या बंदराला समृद्धी महामार्गाशी जोडणारा सुमारे १०५ किलोमीटरचा मालवाहतूक रस्ता इगतपुरी तालुक्यातल्या भरवीरला येऊन मिळणार आहे. निफाडचा कांदा आणि दिंडोरीची द्राक्षे त्या वाटेने जातील. फायद्याच्या बाजूला आपले नाव आहे, तेव्हा नुकसानीच्या बाजूलाही ते असायला हवे.

अमेरिकेत भरपाईच्या या प्रश्नावर एक तोडगा पाच दशकांत घडत गेला. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याच्या ४०४ व्या कलमानुसार पाणथळ जागेत भराव घालायचा तर लष्कराच्या अभियंता विभागाची परवानगी लागते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांनी ‘एकूण पाणथळ क्षेत्रात निव्वळ घट नको’ हे धोरण स्वीकारले. परवानगी तर द्यायची, पण घट होऊ द्यायची नाही, या पेचातून पाणथळ बँकेची कल्पना पुढे आली. १९९५ मध्ये तिच्यासाठी मार्गदर्शक सूत्रे आली आणि २००८ च्या नियमांनी इतर प्रकारच्या भरपाईपेक्षा बँकेला पहिली पसंती दिली.

या बँकेचे काम असे चालते. एखादी कंपनी, संस्था किंवा सरकारी खाते मोडलेली पाणथळ जागा घेते. जुना बांध फोडते, बुजलेले चर मोकळे करते, पाणी पुन्हा आत येऊ देते. ती जागा कायमची राखीव राहील असा कायदेशीर बोजा जमिनीवर चढवते आणि पुढच्या देखभालीसाठी वेगळा निधी ठेवते. जागा ठरलेल्या कसोट्यांना उतरली की सरकार तिच्या खात्यावर जमा मांडते, तीही टप्प्याटप्प्याने. थोडी जमा करार आणि कायमचे संरक्षण झाल्यावर, थोडी पाण्याची वाट नीट झाल्यावर, आणि उरलेली काही वर्षांनी वनस्पती खरोखर रुजल्या हे दिसल्यावर. दुसरीकडे कोणाला पाणथळ जागेत रस्ता किंवा गोदाम बांधायचे असेल, तर तो ही जमा विकत घेतो. बँक साधारणपणे त्याच पाणलोट क्षेत्रातली असावी लागते. एका खोऱ्याचे नुकसान दुसऱ्या टोकाच्या खोऱ्यात भरून दिले, असे सहजासहजी चालत नाही.

आपल्याकडच्या पर्यायी वनीकरणाशी ही पद्धत ताडून पाहिली की फरक लगेच दिसतो. आपली भरपाई वचनावर चालते. तोड आज होते आणि रोपे पुढच्या पावसाळ्यात लागतात, किंवा त्याच्या पुढच्या, किंवा लागतच नाहीत. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये या सगळ्याचा हिशेब मांडला. २००६ ते २०१२ या काळात पर्यायी वनीकरणासाठी १,०३,३८२ हेक्टर बिगरवन जमीन मिळायला हवी होती. मिळाली २८,०८६ हेक्टर, म्हणजे २७ टक्के. प्रत्यक्ष वनीकरण झाले ७,२८१ हेक्टरवर, म्हणजे येणे असलेल्या जमिनीच्या ७ टक्के. त्यानंतर २०१६ मध्ये पर्यायी वनीकरण निधीचा कायदा आला आणि पैसा सांभाळण्याची व्यवस्था सुधारली. क्रम मात्र तोच राहिला: आधी तोड, मग निधी, मग रोपे. किनाऱ्यासाठी २०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत बाधित खारफुटीच्या किमान तिप्पट लागवडीची अट आहे. तिप्पट हे ऐकायला उदार वाटते. पण जे अजून अस्तित्वातच नाही त्याची तिप्पट करून काय होते?

म्हणूनच पाणथळ बँकेच्या कल्पनेकडे ‘निसर्गाचा बाजार’ म्हणून एका झटक्यात पाठ फिरवणे मला पटत नाही. बाजार हा तिचा एक भाग आहे. दुसरा आणि माझ्या मते अधिक मोलाचा भाग आहे तिची कंजुषी. जागा आधी तयार झाली पाहिजे, जमा हळूहळू सुटली पाहिजे, खोरे तेच असले पाहिजे आणि जबाबदार माणसाचे नाव कागदावर असले पाहिजे. या चार अटींमुळे नुकसान करणाऱ्याला वचन पुरत नाही. दुसऱ्या कोणी आधीच केलेले, तपासलेले काम विकत घ्यावे लागते. आपल्या भरपाईच्या बहुतेक पद्धतींत नेमके हेच नाही.

तरीही त्या अनुभवाची दुसरी बाजू टाळता येत नाही. २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने या सगळ्या भरपाईचा आढावा घेतला आणि ‘निव्वळ घट नको’ हे उद्दिष्ट साधत नसल्याचा निष्कर्ष काढला. त्याहून बोलकी गोष्ट कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो उपसागराची आहे. तिथे महामार्ग आणि पूरवाहिनीच्या कामामुळे खाजण गेले. भरपाई म्हणून नवे खाजण तयार केले. उद्देश स्पष्ट होता: पाणकोंबडीच्या कुळातला एक दुर्मीळ पक्षी तिथे घरटी करू लागला पाहिजे. त्यासाठी उंच वाढणारे एक खारे गवत हवे होते. शास्त्रज्ञ जॉय झेडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जागेवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. गवत उगवले, पण उंच वाढेना. नव्या जागेची माती उपसलेल्या वाळूची होती. जुन्या खाजणातल्या बारीक चिकणमातीसारखा नत्र तिच्यात टिकत नव्हता. खत घातले तेव्हा गवत वाढले, बंद केले की पुन्हा खुरटले. खुरट्या गवतावर खवलेकीड पडली, कारण ती कीड खाणारे भुंगे तिथे नव्हते. लांबून पाहणाऱ्याला हिरवे खाजण दिसत होते, पण ज्या पक्ष्यासाठी ते केले तो काही घरटे करीना.

ही एका जागेची फजिती म्हणून सोडून देता आली असती. पण २०१२ मध्ये जगभरातल्या ६२१ पूर्ववत केलेल्या पाणथळ जागांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. दशके, काही ठिकाणी शतक उलटल्यावरही या जागांची जैविक घडण, मुख्यतः वनस्पतींची, मूळ जागांपेक्षा सरासरी २६ टक्के कमी भरली. मातीतला कर्बसाठा आणि तत्सम प्रक्रिया २३ टक्के कमी. मोठ्या आणि भरतीच्या पाण्याशी जोडलेल्या जागा लवकर सावरतात, हेही त्या अभ्यासात दिसले. म्हणजे पूर्ववत करणे निष्फळ आहे असे नाही. पण एक हेक्टर घालवून एक हेक्टर कमावला, हे समीकरण खोटे आहे.

इथे कोणी नाशिकचेच उदाहरण पुढे करील, आणि ते केले पाहिजे. महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, निफाड तालुक्यातले नांदूरमध्यमेश्वर आहे आणि ते माणसाने केलेले आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमलात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बंधारा बांधला गेला. हेतू सिंचनाचा होता. दारणेचे आणि पुढे गंगापूरचे पाणी इथे उचलून डाव्या-उजव्या कालव्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोपरगाव, राहात्यापर्यंत न्यायचे. बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, बेटे तयार झाली, उथळ पाण्यात वनस्पती रुजल्या आणि पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झाले, लोक त्याला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणू लागले. २०१९ मध्ये १,४३७ हेक्टरचे हे क्षेत्र रामसर यादीसाठी निश्चित झाले आणि जानेवारी २०२० मध्ये त्याची घोषणा झाली. रामसरच्या नोंदीत इथल्या ५३६ प्रजाती आहेत. त्यांत देवळालीचे नाव असलेला एक अतिसंकटग्रस्त छोटा मासाही आहे. चापडगावच्या मनोऱ्यावरून हिवाळ्यात बदकांचे थवे पाहणाऱ्याला हे सगळे एका सिंचन बंधाऱ्यामुळे झाले, यावर विश्वास बसणे कठीण.

तर माणूस पाणथळ जागा घडवू शकतो का? शकतो. नांदूरमध्यमेश्वर त्याचा पुरावा आहे. पण हा पुरावा भरपाई विकणाऱ्याच्या फारसा कामाचा नाही. एक तर त्याला अनेक दशके लागली. शिवाय ते कोणी ठरवून केले नाही, गाळाने केले. आणि पाटबंधाऱ्यांच्या हिशेबात गाळ हा तोटा आहे. पाणी साठवणाऱ्याला गाळ नको, पक्ष्याला तोच गाळ हवा. पुराच्या दिवसांत सायखेडा आणि चांदोरीत पाणी शिरते तेव्हा तिथला माणूस बंधाऱ्यामागच्या गाळाकडेच बोट दाखवतो, आणि त्याचे म्हणणे उडवून लावता येत नाही. वरून नाशिक शहराचे सांडपाणी आणि शेतातली रसायने येतात, पाणवेली पसरते. कालव्याचे आवर्तन सुटले की पातळी उतरते, जायकवाडीला पाणी सोडायचे ठरले की आणखी बदलते. एवढे सगळे दावेदार असलेल्या जागेत पाणी किती आणि कधी ठेवायचे, हे ठरवण्याचा अधिकार पाणथळ जागेच्या बाजूने कोणाकडेही नाही. नांदूरमध्यमेश्वर टिकले आहे, पण टिकण्याची हमी त्याच्याकडे नाही. बँकेची जमा म्हणून अशी जागा विकायला काढली, तर घेणाऱ्याने पहिला प्रश्न विचारला पाहिजे: पाण्याचा हक्क कोणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न कायद्यापाशी येऊन थांबतो. २०१७ च्या पाणथळ जागा नियमांनी व्याख्येतूनच बऱ्याच जागा वगळल्या. नदीचे पात्र, भातखाचरे, पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी किंवा मिठासाठी केलेले जलाशय वगळले गेले. म्हणजे नांदूरमध्यमेश्वरला अभयारण्याचा दर्जा आणि रामसरची पाटी नसती, तर या नियमांच्या नजरेत तो एक सिंचन बंधारा ठरला असता. किनाऱ्यावर याचा सर्वांत मोठा फटका मिठागरांना बसतो. कांजूर, भांडुप, मुलुंडच्या मिठागरांत मुंबईतले पावसाचे पाणी शिरते आणि भरतीचे पाणी पसरते. पक्षी तिथे चरतात. २०२४ मध्ये तिथली अडीचशे एकरांहून अधिक जमीन धारावी पुनर्विकासाच्या घरांसाठी द्यायचे ठरले. जी जागा वहीत पाणथळ म्हणून लिहिलेलीच नाही, ती गेली तर नावे काय मांडणार? बँक सुरू करायची असेल तर तिच्या आधी नोंदवही पुरी व्हायला हवी. उपग्रहाच्या चित्रांवरून पाणथळ जागांचे नकाशे झाले आहेत. त्यांचे जमिनीवर सीमांकन होऊन सातबाऱ्यावर नोंद होणे, हे काम अजून फार मागे आहे.

वहीतली पहिली जमा कुठे मांडता येईल, याचे उत्तर मात्र रायगड जिल्ह्यात आहे, आणि ते फारसे महागही नाही. पेण, अलिबागच्या खाड्यांलगत पिढ्यान्‌पिढ्या खारबंदिस्ती होती. बाहेरकाठा घालून भरतीचे पाणी अडवायचे, उघाडीतून पावसाचे पाणी सोडायचे आणि आत खारे सोसणारे भात पिकवायचे. बांध राखण्याचे काम गाव एकत्र येऊन करत असे. पुढे ही जबाबदारी सरकारकडे गेली, १९७९ मध्ये खारजमिनींच्या विकासाचा कायदा आला, आणि गावाची सामूहिक देखभाल सुटत गेली. जिथे बांध वेळेवर दुरुस्त झाला नाही तिथे उधाणाचे पाणी आत आले, भात गेले आणि काही वर्षांत शेतात तिवर उभे राहिले. निसर्गाने फुकट, कोणाच्याही प्रकल्प अहवालाशिवाय, खाजण परत केले.

ही चांगली बातमी आहे, पण शेतकऱ्यासाठी नाही. सप्टेंबर २०१८ च्या निकालात उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्यावर बंदी घातली आणि तिच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित केला. निकाल योग्यच आहे. त्याच्यामुळे महाराष्ट्राची बरीच खारफुटी आज उभी आहे. पण ज्याच्या सातबाऱ्यावर भातशेती आहे आणि बांधावर उभे राहिल्यावर समोर तिवर दिसतो, त्याला ना पीक मिळते, ना जमीन साफ करता येते, ना कोणी मोबदला देते. नुसते बंदीचे बोर्ड त्याच्या वाट्याला येतात. इथे पाणथळ बँकेची कल्पना न्यायाच्या बाजूने उभी राहू शकते. त्याची जमीन खाजण म्हणून कायमची राखायची असेल, तर त्याला तिचे दरवर्षी भाडे द्यायचे, जमा त्याच्या नावावर मांडायची आणि रस्ता बांधणाऱ्याला ती त्याच्याकडून घ्यायला लावायची. युरोपात काही ठिकाणी शेतजमिनीचे बांध मुद्दाम मागे घेऊन समुद्राला जागा दिली गेली आहे. त्या जमिनीची किंमत मालकाला मिळते. आपल्याकडे समुद्राने जागा आधीच घेतली आहे. मालकाचा हिशेब तेवढा राहिला आहे.

बाजाराबद्दलचा सर्वांत गंभीर आक्षेप याच हिशेबाच्या दुसऱ्या टोकाला आहे. खाजण कोणाच्या मालकीचे नसतानाही कोणाचे तरी असते. ओहोटीला खाडीत उतरून कालवे फोडणारी, तिसऱ्या वेचणारी कोळीण आणि आदिवासी बाई. खाडीत बोक्षी लावणारा माणूस. वाढवणच्या खडकाळ किनाऱ्यावर पोट असलेले मच्छीमार. त्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यामुळे जमा-नावेच्या वहीत त्यांचे पान नाही. वाढवणच्या किनाऱ्याचे नुकसान दुसऱ्या एखाद्या खाडीत भरून निघाले, तर पक्ष्याला उडून तिकडे जाता येईल. बाईला येणार नाही. पाणलोट क्षेत्राची अट इथे अपुरी पडते. माणूस ज्या खाडीवर जगतो, तीच खाडी धरून भरपाई झाली पाहिजे, आणि ती तशी होत नसेल तर प्रकल्पाने आपली जागा बदलली पाहिजे.

नकार हा कोणत्याही भरपाई व्यवस्थेचा पाया असायला हवा. काही जागा कोणत्याही भावाने विक्रीला नसतात, हे आधी ठरले नाही, तर भाव ठरण्याला अर्थ नाही. अमेरिकेच्या नियमांतही क्रम हाच आहे: आधी टाळा, मग कमी करा आणि मगच भरून द्या. व्यवहारात पहिल्या दोन पायऱ्यांवरून घसरगुंडी होते, कारण तिसरी पायरी सोयीची असते. आपल्याकडे ती आणखी सोयीची होईल. रस्ता बांधणारी यंत्रणा सरकारी, परवानगी देणारे खाते सरकारी, रोपे लावणारे खातेही सरकारी आणि तपासणीचा अहवालही त्यांच्याच घरातला. अशा घरात बँक काढली तर तिचा शिपाई, कॅशिअर आणि ऑडिटर एकाच आडनावाचे असतील. स्वतंत्र तपासणी, तिचे निकाल सर्वांना पाहता येतील अशी नोंदवही, आणि स्थानिक ग्रामसभेला व मच्छीमार संस्थेला हरकत घेण्याचा अधिकार, एवढे नसेल तर बँकेपेक्षा साधी बंदी बरी.

शिकता येते याचेही एक उदाहरण आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये झाडे लावण्याबद्दल क्रेडिट देणाऱ्या ग्रीन क्रेडिट योजनेचे नियम काढले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये झाडामागे एक क्रेडिट अशी पद्धत ठरवली. टीका झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये पद्धत बदलली: आता किमान पाच वर्षे उलटून आणि ४० टक्के छत्र तयार झाल्यावर क्रेडिट मिळते. म्हणजे थांबण्याचे तत्त्व आपल्या सरकारला परके राहिलेले नाही. तेच तत्त्व किनाऱ्यावर लावायचे तर रोपे मोजणे सोडावे लागेल. भरतीचे पाणी किती आत येते, चिखलात जीव किती आहेत, मातीत कर्ब किती साठला, कोणते मासे आणि पक्षी परत आले, हे मोजावे लागेल. आणि या मोजणीत उतरलेले खाजण जेव्हा प्रत्यक्ष हातात असेल, तेव्हाच दुसरीकडे भराव टाकण्याची परवानगी द्यावी लागेल. बंदराचे वेळापत्रक त्यामुळे लांबेल. लांबू दे. खाजणाला लागणारा वेळ कोणीतरी भरायचाच आहे. आज तो खाडीकाठचे लोक भरतात.

या अटी मुंबईच्या बिल्डरला, बंदराच्या कंपनीला सांगताना नाशिककराला बरे वाटेल. पण त्या आपल्यालाही लागू होतात, आणि तिथेच आपली परीक्षा आहे. ‘समुद्राला वाहून वाया जाणारे पाणी’ हा शब्दप्रयोग आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक सभेत टाळ्या घेतो. पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी पूर्वेला वळवावे, ही नाशिक आणि मराठवाड्याची जुनी मागणी आहे; दमणगंगा-वैतरणा-गोदावरी आणि दमणगंगा-एकदरे-गोदावरी हे जोडप्रकल्प त्याच मागणीतून आले. मागणीमागची तहान खरी आहे. सिन्नर, येवल्याच्या किंवा वैजापूरच्या माणसाला खाडीच्या चिखलावर प्रवचन देण्यात अर्थ नाही. पण समुद्राला जाणारे पाणी वाया जाते, हे विधान चुकीचे आहे. गोडे पाणी खाडीत पोचते म्हणून तिथला खारटपणा मर्यादेत राहतो, गाळ पोचतो म्हणून चिखल समुद्राच्या पातळीबरोबर वर चढत राहतो. वैतरणेवर अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडकसागर ही धरणे मुंबईच्या पाण्यासाठी आधीच उभी आहेत. त्यांनी अडवलेल्या गाळाची आणि पाण्याची भरपाई खाडीला कोणी दिलेली नाही. कोणी मागितलीही नाही. आता उरलेल्यातले आणखी पाणी आपण मागत आहोत.

म्हणून पाणथळ भरपाईची वही महाराष्ट्रात उघडायची असेल, तर तिच्यातली पहिली नावेची नोंद नाशिकने स्वतःहून करावी. जोडप्रकल्पाच्या सविस्तर अहवालात वळवायच्या पाण्याबरोबर खाडीसाठी राखायचे पाणीही महिनावार लिहिले जावे. वैतरणा आणि दमणगंगेच्या खाड्यांतल्या खाजणाचे त्यामुळे किती नुकसान होईल, ते आधी मोजले जावे. आणि ते भरून देणारी जागा, त्याच खाड्यांवर, तपासून तयार झाल्याशिवाय बोगद्यातून पाणी सुटू नये. या खर्चाचा वाटा पाणी घेणाऱ्या लाभक्षेत्राने उचलावा. हे आपण केले, तर वर्सोव्याचा रस्ता आणि वाढवणचे बंदर यांच्याकडे हिशेब मागण्याचा अधिकार आपल्याला राहील. नाही केले, तर एकास दहाचा जो गुणाकार आपण तपोवनात नाकारला, तोच आपण खाडीकाठच्या माणसांना ऐकवत असू.